गब्नितला इंग्रजी येत नाही

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला, कॉर्कच्या इंग्लिश मार्केटात, मासळीच्या गाळ्यापुढे मी पकडली गेले. "हा हेक मासा मेला तेव्हा तुझ्या बापाचं लग्न तरी झालं होतं का रे?" असं मी मासेवाल्याला विचारत होते, आणि विचारत होते ते इंग्रजीत, तेही आमच्या उत्तरेकडच्या चढावरच्या इंग्रजीत, ज्यात प्रत्येक वाक्य शेवटाला गाण्यासारखं वर चढतं. मासेवाला खूश होता. "गब्नित, आयरिश सप्ताह चाललाय, निदान या आठवड्यात तरी शिव्या आयरिशमध्ये घाल," म्हणत त्याने मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर आयरिशमध्ये 'स्वागत' लिहिलेलं होतं, दर मार्चला लिहिलेलं असतं, नावाला सप्ताह पण चालतो पंधरा दिवस. मी पिशवीतली, टिकावीत म्हणून लोणी चोळलेली अंडी सांभाळत हसत वळले, आणि तीन पावलांवर शीफ्रा उभी होती. चार वर्षं आणि सात महिन्यांची शीफ्रा, माझ्या बालवाडीतली, एका हातात आईचा हात, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला सॉसेज-पाव. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माशाकडे, मग पुन्हा माझ्या तोंडाकडे. मी घाईघाईने आयरिशमध्ये म्हटलं, "अगं शीफ्रा, तू इथे कशी?" पण वेळ टळून गेली होती. तिची आई ब्रॉना हसून म्हणाली, "बघ, तुझी गब्नित." शीफ्राने तोंडातला घास गिळला आणि इंग्रजीत दोनच शब्द म्हणाली. "हिला येतं."

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. कॉर्कमधल्या छप्पन्न वर्षांच्या बाईला इंग्रजी येतं ही काही बातमी नव्हे. पण एकोणीस वर्षं मी मुलांच्या कानावर पडेल असा इंग्रजीचा एक शब्द उच्चारलेला नाही. मोठ्या आयरिश शाळेच्या पटांगणाच्या खालच्या टोकाला आमची पत्र्याच्या छताची खोली आहे, तिथे बावीस मुलं, मी आणि माझी मदतनीस फिलोमिना. मुलं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतून येतात, पहिले पंधरा दिवस रडतात, मग हळूहळू कोट, दूध, शू, माझी पाळी, एवढं उचलतात आणि नाताळपर्यंत भांडायला लागतात. मूल ज्या दिवशी आयरिशमध्ये भांडतं त्या दिवशी मी आणि फिलोमिना एकेक जास्तीचं बिस्किट खातो. हे सगळं जमतं ते एका गोष्टीवर, की गब्नितला इंग्रजी येत नाही. मुलांना ते कोणी सांगत नाही. ती आपसूक तसं मानतात, आणि मग माझी कीव करतात. नळ दुरुस्त करणारा आला की मी मख्ख चेहऱ्याने उभी राहते आणि कोणीतरी चिमुरडं मला समजावून सांगतं. या वर्षी ते काम शीफ्राने स्वतःकडे घेतलं होतं. कोणी दिलं नव्हतं, तिने ते घेतलं होतं. अग्निसुरक्षा तपासणारा अधिकारी आला तेव्हा ती त्याच्या आणि माझ्यामध्ये उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि त्याचं प्रत्येक वाक्य मला आणून दिलं. फोटोवाला आला आणि पुटपुटला की या बाईला म्हणावं हनुवटी आत घे, दोन्ही हनुवट्या. शीफ्राने इमानेइतबारे निरोप पोचवला, "तो म्हणतोय हनुवटी आत घे. तुझ्या दोन आहेत म्हणतो." मी चेहरा जराही हलू न देता दोन्ही आत घेतल्या. फिलोमिनाला मात्र भांडीकपाटामागे जाऊन उभं राहावं लागलं.

रविवार मी कसा काढला ते मलाच ठाऊक. प्रार्थनेला गेले, परत आले, मासा तळला, खाल्ला नाही. शीफ्राचा चेहरा समोरून जाईना. त्यावर राग असता तर मी समजू शकले असते. आपल्या घराचं दार उघडावं आणि आत दुसऱ्याच कोणाचं सामान मांडलेलं दिसावं, तसा तो चेहरा होता. स्वतःची समजूत घालायला म्हटलं, पोर आहे, विसरेल. पण मुलं विसरतात हे मोठ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेलं खूळ आहे. मी स्वतः चार वर्षांची असताना शेजारच्या बाईने मला गोड बोलून दात पाडायला नेलं होतं. त्या बाईच्या अंत्ययात्रेलाही मी मनातून तिच्याशी बोलत नव्हते.

सोमवारी शीफ्रा आली, कोट खुंटीला लावला आणि इंग्रजीत म्हणाली, "मला दूध हवंय." मी आयरिशमध्ये म्हटलं, "दूध हवंय का तुला? ये." ती आली, दूध घेतलं, इंग्रजीत आभार मानले. तेवढ्यात बाजूचा एक जण कुजबुजला, "गब्नितला कळत नाही," आणि शीफ्रा शांतपणे म्हणाली, "सगळं कळतं तिला." झालं. डोक्यातल्या उवा पसरतात तसं इंग्रजी खोलीभर पसरलं. मंगळवारपर्यंत चौदा मुलं माझ्याशी इंग्रजी बोलून बघत होती, मला डिवचायला, मी कधी उलट बोलते ते पाहायला. बाकीची माझ्याकडे पाहत होती, जणू मी त्यांच्या समोर बसून कसलातरी खाऊ एकटीने खाल्ला होता. फिलोमिनाने पन्नाशीनंतर संध्याकाळच्या वर्गांना जाऊन आयरिश शिकून घेतलंय, जीभ मात्र जन्मजात तिखट. ती म्हणाली, "बाई, बिंग फुटलं तुझं. आता एक तर शहर सोड, नाहीतर मासे खाणं सोड." मग शीफ्राकडे बघून आवाज खाली आणला. "संपावर गेलीय ती. बस चालवणाऱ्या युनियनवालीची लेक आहे. मागण्या काय आहेत ते विचारून घे."

मंगळवारी दुपारी ब्रॉना लेकीला न्यायला आली ती बस चालवण्याच्या गणवेशातच. फाटकापाशी थांबून म्हणाली, "गब्नित, वरच्या शाळेचं पत्र आलंय. सप्टेंबरची जागा हवी की नको ते शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"मग?" मी विचारलं. मुलं आत होती, म्हणून इंग्रजीत, तरीही मान वळवून मागे पाहिलं.

"मग काय. इंग्रजी शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. माझी पहिली बस साडेपाचला सुटते, हिला माझी आई सोडते, आणि आईचे गुडघे या चढाला रोज शिव्या घालतात. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण अभ्यास? मी चौदा वर्षं शाळेत आयरिश शिकले आणि मला येतं काय, तर बाथरूमला जाऊ का. हिने वही पुढे केली तर मी काय करू, बाथरूमला जाऊ?" ती स्वतःच हसली आणि हसता हसता थांबली. "आधी वाटायचं, हिला आवडतंय ना, मग होईल कसंतरी. घरी बाहुल्यांना रागवायची ती आयरिशमध्ये. पण शनिवारपासून बाहुल्यासुद्धा इंग्रजी झाल्या. मग मीच एकटीने हा डोंगर कशाला चढू? दोन वर्षं छान गेली तिची. तेवढं पुरे नाही का?"

पुरे नाही, ब्रॉना. हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं आणि मी ते गिळलं. म्हणाले, विचार कर, तुझी लेक आहे. ते बोलायचा मला हक्क नव्हता. मला लोक व्याख्यानांना बोलावतात, आयरिश सप्ताहात माझा फोटो छापतात, खाली लिहितात की भाषेच्या प्रेमापोटी या बाईंनी बालवाडी सुरू केली. क्लीनाबद्दल कोणी लिहीत नाही, कारण क्लीनाबद्दल मी कोणाला सांगितलेलं नाही. क्लीना माझी मुलगी, आता तीस वर्षांची, कॅनडात कॅलगरीला असते. मी आयरिश शिकले ती बाविसाव्या वर्षी, पश्चिमेकडच्या एका खेड्यात भाड्याच्या खोलीत राहून, आणि क्लीना झाली तेव्हा ठरवलं की हिच्याशी दुसरं काही बोलायचं नाही. पाच वर्षं बोलले नाही. ती तीन वर्षांची असताना झोपेत आयरिश बोलायची, मी उठून ऐकत बसायचे. नदीपलीकडे तेव्हा एक छोटी आयरिश बालवाडी होती, तिथे तिला घातली, आणि ती तिथे राणीसारखी राहिली. मग शाळेची वेळ आली. आयरिश शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. इंग्रजी शाळा पाच मिनिटांवर. नवरा म्हणाला, तू ठरव. मी ठरवलं. स्वतःला सांगितलं की घरात मी आहे ना, घर पुरेसं आहे, भाषा आईच्या तोंडातून येते, शाळेचं काय घेऊन बसलात. जुलै आणि ऑगस्ट ती गल्लीतल्या मुलींबरोबर खेळली. सप्टेंबरमध्ये इंग्रजी शाळेत गेली, आणि ऑक्टोबर संपायच्या आत मी आयरिशमध्ये विचारत होते आणि ती इंग्रजीत उत्तर देत होती. दोन वर्षं आम्ही असं जेवलो, एका टेबलावर दोन भाषा, मीठ इकडून मागायचं आणि तिकडून द्यायचं. एकदा घरी तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, ती स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, त्यांच्यासमोर तसं बोलू नकोस ना." तसं. त्याला नाव म्हणून तिच्याकडे तेवढाच शब्द उरला होता. त्या दिवशी मी तिच्याशी इंग्रजीत बोलले. तिला फार बरं वाटलं, तिने मला मिठी मारली, आणि ती मिठी मला अजून बोचते. ती अकरा वर्षांची असताना मी ही बालवाडी काढली. प्रेमाने काढली हे खोटं. ज्या खड्ड्यात मी पडले तो बुजवायला काढली. बालवाडीत पेरलेलं पटांगणापलीकडे गेलं नाही तर एका उन्हाळ्यात वाळून जातं, हे मला कोणा तज्ज्ञाने शिकवलेलं नाही. दर रविवारी फोन येतो. नातवंडं पडद्यावरून हात हलवतात, आणि मी त्यांना कॉर्कच्या गाणाऱ्या इंग्रजीत गोष्टी सांगते. त्यांना वाटतं हीच आजीची भाषा, आणि ते चूकही नाही. चुकले ती मी. शीफ्राच्या बाबतीत पुन्हा तेच होणार होतं, आणि या वेळी अंतर दोन बसचं नव्हतं, चाळीस पावलांच्या पटांगणाचं होतं.

बुधवारी पाऊस थांबल्यावर मुलं बाहेर सुटली. शीफ्रा एकटी पायरीवर बसली होती, बुटाच्या टोकाने खडा उकरत. मी तिच्याजवळ जाऊन बसले. माझे गुडघे कुरकुरले, तिने पाहिलं. मी आयरिशमध्येच म्हटलं, "शीफ्रा, मला इंग्रजी येतं."

"माहितेय," ती इंग्रजीत म्हणाली. "पहिल्यापासून?"

"तुझ्याएवढी असल्यापासून. तेव्हा तेवढंच यायचं. आयरिश मी मोठी झाल्यावर शिकले."

ती पुन्हा खडा उकरायला लागली. "फोटोवाला काय म्हणाला ते कळलं होतं तुला?"

"कळलं होतं."

"हनुवटीचं?"

"दोन्हींचं."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. खडा निघाला, तिने तो हातात घेतला आणि पुसला. "मग मी कशाला सांगितलं?"

एकोणीस वर्षांत मला मुलांनी देव कुठे राहतो, मेलेलं मांजर थंड का लागतं, असलं सगळं विचारलंय. दर वेळी मी काहीबाही रचून सांगितलं. या वेळी खरं ते सांगायचं ठरवलं, कारण खोट्याचा साठा माझ्यापाशी संपला होता. "तू सांगायचीस ते मला ऐकायला आवडायचं," मी म्हटलं.

"ते काम नव्हे," शीफ्रा म्हणाली आणि उठून गेली.

मी तिथेच ओल्या पायरीवर बसून राहिले. चार दिवस मी समजत होते की पोरीला माझं खोटं लागलं. खोटं ती माफही करती, मुलं खोटं ओळखतात, स्वतः रोज बोलतात. तिची नोकरी गेली होती. वर्षभर ती एका अडाणी म्हाताऱ्या बाईला जगाशी जोडून देत होती, आणि कळलं काय, तर बाई तिला झुलवत होती. तिच्या जागी मी असते तर मीही संप केला असता. आणि एक गोष्ट मला तिथेच लख्ख कळली. मी सगळं आयरिशमध्ये बोलले होते आणि तिने त्यातला एकही शब्द सोडला नव्हता. भाषा गेलेली नव्हती. भाषा हाताची घडी घालून बसली होती. पण हे ओळखून उपयोग काय, तिला द्यायला माझ्याकडे खरं काम कुठून आणणार?

गुरुवार खुर्च्यांचा दिवस. दर वर्षी मार्चमध्ये, वरच्या शाळेत जाणारी मुलं आपापली छोटी खुर्ची उचलून पटांगण ओलांडतात आणि पहिल्या वर्गात नेऊन ठेवतात. खुर्ची तिथेच राहते. सप्टेंबरमध्ये मूल जातं तेव्हा अनोळखी वर्गात निदान एक वस्तू ओळखीची असते. आईबाप बरोबर येतात, फोटो काढतात, आमच्या खोलीत धाकट्यांसाठी नव्या खुर्च्या येतात. ज्यांचं ठरलेलं नसतं तीही नेतात, आणि नाही ठरलं तर मी संध्याकाळी गुपचूप जाऊन ती खुर्ची परत आणते. अशा खुर्च्या मी बऱ्याच आणल्यात. त्या हलक्या असतात, तरी मला दरवेळी जड गेल्यात. या वर्षी तेरा जण होते. फिलोमिनाने शीफ्राला विचारलं, "काय ग, नेतेस का?" शीफ्राने खुर्ची उचलली. ब्रॉना पहिली पाळी संपवून थेट आली होती, टोपी हातात, केस चपटे झालेले. कागद तिच्या खिशातून डोकावत होता, आणि कोरा होता हे मला दुरूनही दिसलं.

पहिल्या वर्गाची शिक्षिका डारिना माझ्या पहिल्या तुकडीतली. तेव्हा ती चार वर्षांची होती आणि चावायची. आता तेवीस वर्षांची आहे, गेल्या सप्टेंबरात रुजू झालीय, आणि मुलांसमोर आयरिशशिवाय बोलत नाही. ते ती माझ्याच हाताखाली शिकलीय. ती प्रत्येक आईबापाशी आयरिशमध्ये दोन शब्द बोलत होती, आणि ते बिचारे हसून माना डोलावत होते, कळलं न कळलं सारखंच. ब्रॉनाने मान डोलावली नाही. ती खोटं हसत नाही, बसमध्ये फुकट्यांशीही हसत नाही. डारिनाने तिला विचारलं की शीफ्रा काय खात नाही, जेवणाच्या सुट्टीत लक्ष ठेवायला बरं. ब्रॉनाचे कान लाल झाले. तिने डारिनाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं, बघितलंस, हे असं रोज होणार. खिशातल्या कागदावर तिचा हात गेला.

मी तोंड उघडलं. माझ्या सवयीने ब्रॉनाला बाजूला नेऊन हळूच इंग्रजीत सांगणार होते, असं मी शेकडो आयांना सांगितलंय. आणि शीफ्राने माझ्याकडे पाहिलं. खुर्ची अजून तिच्या पोटाशी धरलेली होती. मी तोंड मिटलं. आयुष्यात मी फार थोड्या वेळा गप्प बसलेय, आणि त्यातली ही सगळ्यात अवघड वेळ. डारिना थांबली, ब्रॉना थांबली, बाकीच्या आयांनी फोटो काढणं थांबवलं. कोणीच कोणाला सोडवलं नाही. शीफ्राने आईकडे पाहिलं, नीट, खालपासून वरपर्यंत. हिला येत नाही. खरोखरच येत नाही. मग तिने खुर्ची खाली ठेवली, त्या दोघींच्या मधे जाऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"ती विचारतेय, मी काय काय खात नाही," ती आईला इंग्रजीत म्हणाली.

ब्रॉना गोंधळली. "अं? मटार. मटार म्हणून सांग."

शीफ्रा डारिनाकडे वळली आणि पाच दिवसांनी तिच्या तोंडातून आयरिश बाहेर पडलं, धो धो. मटार खात नाही, शिजवलेलं गाजर खात नाही, दुधावरची साय नको, आणि कोणी ताटातलं मागितलं तर देणार नाही. डारिनाने गंभीरपणे मान हलवली आणि काहीतरी म्हणाली. शीफ्राने ते आईला आणून दिलं, "ती म्हणते, तीही मटार खायची नाही."

"मी तर एकच शब्द बोलले होते ग," ब्रॉना म्हणाली. आया हसल्या. पण ब्रॉना हसत नव्हती, ती लेकीकडे बघत होती. घरात बाहुल्यांशी चाललेलं तिने दाराआडून ऐकलं होतं. एका मोठ्या माणसाला हे सगळं कळतं, आणि ते माणूस उत्तर देतं, हे ती पहिल्यांदा बघत होती. ती खाली वाकली, गुडघ्यावर बसली, आणि तिचा आवाज अगदी लहान झाला. "शीफ्रा, तिला विचार. आईला काहीच येत नसलं तर चालतं का? घरी वही उघडली आणि आईला वाचता आलं नाही, तर मग कसं?"

शीफ्राने डारिनाकडे पाहिलं. मग आईकडे. प्रश्न तिने पुढे नेलाच नाही.

"ते मी सांगीन ना तुला," ती म्हणाली. "रोज. तू बसवरून आलीस की."

ब्रॉनाने टोपी तोंडावर धरली. थोड्या वेळाने काढली तेव्हा डोळे ओले होते आणि आवाज फाटका. तिने कागद काढला, भिंतीला लावला, पेन शोधलं, मिळालं नाही, तेव्हा डारिनाच्या डब्यातला हिरवा खडू घेऊन त्यावर भली मोठी सही ठोकली. कार्यालयातले लोक कुरकुरतील. कुरकुरू देत. माझ्या अंगातून असा आनंद उसळला की मला दाराची चौकट धरावी लागली. मी काही केलं नव्हतं, फक्त एकदा गप्प बसले होते, आणि एकोणीस वर्षांचं सगळं त्या एका पोरीच्या कमरेवरच्या हातांत उभं होतं. क्लीनाला मी त्यातलं काही देऊ शकले नाही, ते दुःख आहे तसंच आहे, कमी झालं नाही. पण त्या दुपारी ते दुःखसुद्धा ताठ उभं होतं.

शीफ्राने खुर्ची खिडकीपाशी नेली, दोनदा सरकवून बघितली, बसून बघितली. मग तिला मी अजून दारात उभी दिसले. ती उठून माझ्यापर्यंत आली, शनिवारपासून पहिल्यांदा माझ्याशी आयरिशमध्ये बोलली, आणि आवाजात मालकिणीचा थाट होता. "गब्नित, तू इथे काय करतेस? खाली तुझी मुलं रडत असतील. जा आता, इथलं मी बघते."

मी गेले. पटांगणावरून रिकाम्या हातांनी, भर दिवसा रडत आणि हसत. खालून फिलोमिना ओरडून विचारत होती काय झालं, आणि मला सांगता येत नव्हतं. आयुष्यात मला कोणी इतक्या सुरेख आयरिशमध्ये हाकलून दिलं नव्हतं.